प्रनष्ट शल्य : बाण, शिकार आणि मांसात राहिलेली किरच



आजचा प्रश्न तसा लहान आहे. बाणानं जनावर मारलं आणि बाण आतच मोडला, तर मोडलेला तुकडा जातो कुठे? तो शोधायचा कोणी, शोधायचा कसा, आणि सापडलाच नाही तर त्या मांसाचं काय करायचं? जगात जिथे धनुष्यबाणानं हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे आता कार्बनचे बाण सर्रास वापरतात आणि तिथल्या शिकाऱ्यांना हा प्रश्न खरोखरच पडतो. आपल्याकडे नागपुरात शिकार बंद आहे. पण कार्बनचे बाण आहेत. तिरंदाजीच्या मैदानावर शाळकरी मुलं-मुली ते सोडत असतात. आणि बाण, रान, मांस या तिन्हींचा इथला इतिहास दोन-अडीच हजार वर्षांचा आहे. म्हणून आम्ही ठरवलं की हा प्रश्न परदेशातून उचलून आणण्यापेक्षा आपल्याच जमिनीवरून बघायचा.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे तपशील ऐकताना धागा हाती राहील. हत्यार बदललं की मांसात मागे राहणारी वस्तू बदलते. जुन्या हत्याराबरोबर ती वस्तू ओळखायची आणि काढून टाकायची एक रीतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. नवी हत्यारं दुरून आली, झपाट्यानं आली, आणि रीत मागाहून आली; काही वेळा तर शंभर वर्षांनी आली. या मधल्या काळात ज्यांच्या पोटात ती वस्तू गेली, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही.

शल्य म्हणजे काय

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण सर्जरीला शल्यचिकित्सा म्हणतो. शल्य म्हणजे बाणाचं टोक, आणि त्यावरून शरीरात घुसलेली कोणतीही परकी वस्तू. म्हणजे आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या शास्त्राला नाव मिळालं तेच मुळी रुतलेला बाण काढण्यावरून. मराठीतला 'सल' याच शब्दाचा नातेवाईक. काटा सलतो, आणि एखादी गोष्ट मनातही सलते. आत आहे, दिसत नाही, पण स्वस्थ बसू देत नाही, असा तो अर्थ.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात २६वा अध्याय 'प्रनष्ट शल्या'वर आहे. प्रनष्ट म्हणजे हरवलेलं, आत दडलेलं. वैद्यापुढची अडचण अशी की जखम दिसते आहे, बाण मोडलेला आहे, पण तुकडा कुठे आहे ते कळत नाही. तिथे एक उपाय दिलेला आहे. संशय असलेल्या जागी थिजलेलं तूप किंवा माती-चंदनाचा लेप लावायचा. जिथे तूप लवकर पाघळेल, लेप आधी वाळेल, तिथे शल्य आहे असं समजायचं. कारण तिथे दाह आहे, उष्णता आहे. लोखंडाचं टोक काढायच्या उपायांमध्ये लोहचुंबकाचाही उल्लेख येतो. आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्याला शेवटपर्यंत उपयोगी पडणार आहे. काही शल्यं शरीरात कालांतरानं विरून जातात, काही विरत नाहीत, असं सुश्रुत सांगतो. न विरणाऱ्यांच्या यादीत शिंग आहे, दात आहे, हाड आहे, लाकूड आहे आणि बांबूही आहे.

बघा, प्रश्न किती जुना आहे. माणसाच्या अंगातला तुकडा काय आणि खाण्याच्या मांसातला तुकडा काय, शोधणाऱ्यापुढची अडचण एकच: जे दिसत नाही ते ओळखायचं कसं?

नागपूरच्या मातीतलं लोखंड

आता आपल्या भागाकडे येऊ. नागपूरहून काटोल रस्त्यानं निघालं की जुनापाणीची शिलावर्तुळं लागतात. मोठमोठ्या दगडांची वर्तुळं, आत पुरलेली माणसं आणि त्यांच्या वस्तू. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली त्यांच्याविषयी लिहिलं. पुढे स्वातंत्र्यानंतर जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशा ठिकाणी रीतसर उत्खननं झाली; डॉ. शां. भा. देव यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलेलं आहे. या दफनांमध्ये लोखंड भरपूर सापडलं. कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, बाणांची टोकं, घोड्यांचे लगाम. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला.

म्हणजे आपल्या भागात लोखंडी टोकाचा बाण निदान तेव्हापासूनचा आहे. काडी बांबूची किंवा बोरूची असणार. ती कुजून जाते, लोखंड तेवढं उरतं. या बाणाचा एक गुण लक्षात घ्या. टोक लोखंडाचं, म्हणजे जड, कठीण, बोटाला लागणारं, दाताखाली आलं तर लगेच कळणारं. काडी मोडली तर बांबूचं कुसळ निघतं, आणि तेही डोळ्यांना दिसतं. मटण खाताना हाडाची किरच जिभेला कशी बरोब्बर सापडते, हे सावजी रश्शावर वाढलेल्या नागपूरकराला सांगायला नको. तोंडाला कळणारं शल्य, असं त्याला म्हणू.

सातपुड्यातली रीत

पण सगळेच बाण इतके सरळ नव्हते. एकोणिसाव्या शतकात नागपूर मध्य प्रांतांची राजधानी झाली, आणि इंग्रज अधिकारी सातपुड्यात फिरून नोंदी करू लागले. कॅप्टन जेम्स फॉर्साइथचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ साली आलं. स्टर्नडेलचं शिवनीवरचं पुस्तक १८७७ सालचं. नंतर १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी या प्रांतांतल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. या आणि अशा लिखाणात मंडला-बालाघाटकडच्या बैगांच्या बाणांचं वर्णन येतं. धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूच्या सालीची, आणि टोकाला बचनागाचं विष.

बचनाग आपल्याला माहीत आहे. आयुर्वेदातला वत्सनाभ तो हाच. त्यातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाच्या आणि नसांच्या कामावर घाला घालतं. हृदयाची लय बिघडते आणि जनावर पडतं. सांबरासारखं मोठं जनावर लहानशा धनुष्यानं पडायचं ते या विषाच्या जोरावर. आता इथे गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं क्युरारे नावाचं विष रक्तात गेलं तर मारतं, पण पोटात गेलं तर सहसा शोषलंच जात नाही. त्या मांसाची फारशी भीती नसते. बचनागाचं तसं नाही. तो पोटातून गेला तरी मारतो. शुद्ध अ‍ॅकोनिटिनचे दोन-एक मिलिग्रॅम माणसाला पुरेसे ठरू शकतात.

मग बैगा ते मांस खात कसे? त्याची रीत होती, आणि ती या नोंदींमध्ये आलेली आहे. जखमेभोवतीच्या मांसाचा रंग बदलतो. तेवढं मांस मोकळ्या हातानं कापून फेकून द्यायचं, बाकीचं खायचं. यामागचं शास्त्र आज सांगता येतं. विषाचा मोठा साठा टोकाच्या आसपास राहतो, उरलेलं रक्तातून पसरून एवढ्या मोठ्या शरीरात विरळ होतं, आणि मांस बराच वेळ उकळलं की अ‍ॅकोनिटिन मोडून कमी जहाल होतं. आपल्या वैद्यांनीही बचनाग दुधात किंवा गोमूत्रात उकळून 'शोधन' करायची पद्धत बसवली होती, ती याच तत्त्वावर. बैगा शिकाऱ्याला या रेणूंची नावं माहीत नव्हती. पण आपल्या हत्यारानं मांसात काय सोडलं आहे, ते कुठे असतं, कोणत्या रंगानं ओळखायचं आणि किती कापायचं, हे त्याला माहीत होतं. हत्यार आणि सावधगिरी त्यानं एकाच माणसाकडून, आपल्या बापाकडून नाहीतर आज्याकडून, शिकलेली होती.

याच्या जोडीला फासेपारध्यांची आठवण ठेवू या. त्यांचं हत्यार फास. काळवीट फासात अडकतं, जिवंत हाती येतं. मांसात लोखंड नाही, विष नाही, काहीच नाही. शल्याच्या दृष्टीनं बघितलं तर सगळ्यात निर्मळ शिकार ती. आणि याच समाजाला पुढे इंग्रजांच्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलं, हा आपल्या इतिहासातला एक वेगळाच सल आहे.

शिशाचं शतक

आता बंदूक. तोड्याच्या बंदुका आपल्याकडे आधीपासून होत्या, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसांच्या रायफली आणि छऱ्याच्या बंदुका रानात शिरल्या. साहेबांच्या शिकारी, संस्थानिकांच्या शिकारी, पीक राखायला परवान्यानं दिलेल्या बंदुका. गोळी शिशाची, छरे शिशाचे. शिसं मऊ धातू आहे. हाडाला आपटलं की गोळी फुलते, फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत उडतात. मोठा तुकडा दिसतो, छरा दाताखाली येतो. पण धुळीएवढा कण दिसतही नाही आणि लागतही नाही.

शिशाचं विष बचनागासारखं तासाभरात काम करत नाही. ते हाडांत साठतं, वर्षानुवर्षं राहतं, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो; मुलांसाठी शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असं आज वैद्यकशास्त्र म्हणत नाही. आता विचार करा. बैगाच्या बाणाला 'रंग बदललेलं मांस फेका' ही रीत होती. शिशाच्या गोळीला कुठली रीत होती? गोळीनं फाटलेलं मांस बाजूला काढायचे, बास. लांब उडालेल्या कणांचा हिशेब कुणीच ठेवला नाही. शिकार साहेबाची असली तरी मांस छावणीत वाटलं जायचं. हाकारे, माग काढणारे, नोकर, गावकरी यांच्या वाट्याला ते यायचं. त्यांच्या ताटात काय गेलं हे कुणी मोजलेलं नाही.

मोजमाप झालं ते फार उशिरा आणि फार लांब. २००८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाची पाकिटं क्ष-किरणांखाली धरली, तेव्हा त्यात धातूचे कण दिसले. वाटप थांबवावं लागलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रायफलीनं मारलेली ३० हरणं नेहमीसारखी खाटकांकडून कापून घेतली होती. त्यांतल्या २४ हरणांच्या खिम्याच्या निदान एका पाकिटात धातूचे तुकडे निघाले. ते मांस डुकरांना खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. म्हणजे गोळी रुळून शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर तिची रीत लिहिली जाऊ लागली. निदान तिथे एक गोष्ट मदतीला होती: शिसं क्ष-किरणांना अडवतं. फोटोत ते पांढरं, स्पष्ट दिसतं.

कायदा आला, शिकार गेली

आपल्याकडे या काळात काय झालं? रान आधी सरकारचं झालं. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणं, फास लावणं, पाण्यात विष घालणं हे गुन्हे ठरवले. १९३५ साली मध्य प्रांतात शिकारीचा स्वतंत्र कायदा झाला. ताडोब्यातली शिकारबंदीही त्याच सुमाराची. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा.

या कायद्याची एक बारीक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सुरुवातीला त्यात परवाना घेऊन काही शिकार करायची सोय होती, आणि १७व्या कलमात शिकार कशी करायची नाही याचे निर्बंध होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते कलमच वगळलं आणि ९व्या कलमात शिकारीवर सरसकट बंदी आली. ते ओघानंच आलं. जे करायचंच नाही, ते कसं करावं हे कायदा कशाला सांगेल? चितळ, सांबर, काळवीट यांपैकी कशालाही आज नागपूर जिल्ह्यात बाण मारणं हा गुन्हा आहे. बाण साधा असो, विषारी असो की कार्बनचा. नुसतं जखमी करणं, मारायचा प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. ते मांस विकत घेणं, घरात ठेवणंही गुन्ह्यात येतं.

याच कायद्याचं ६५वं कलम निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखतं. गोंडांचं, बैगांचं, कोरकूंचं नाव तिथे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंही पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार स्पष्टपणे वगळली. आम्ही ही बंदी चूक आहे असं म्हणत नाही. विसाव्या शतकात आपल्या जंगलांची जी अवस्था झाली होती, ती पाहता बंदी आवश्यक होती. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. रान रिकामं करण्यात शिशाच्या गोळीचा वाटा मोठा. आणि बंदीनंतर हातातून गेलेल्या ज्ञानात बांबूच्या बाणाचं ज्ञानही गेलं. कोणतं मांस खायचं, कोणतं टाकायचं, हे सांगणारा माणूस आता जुन्या पुस्तकातल्या एका परिच्छेदात उरला आहे.

बांबूपासून कार्बनपर्यंत

आता कार्बनचा बाण. त्याची वंशावळ गमतीची आहे. एडिसननं १८८० च्या सुमाराला दिव्यासाठी तंतू शोधताना बांबूच्या कामट्या बंद भट्टीत जाळून त्यांचा कोळसा केला, आणि तो कार्बनचा तंतू हजार तासांहून जास्त जळत राहिला. म्हणजे कार्बनचा एक पूर्वज बाणाच्याच काडीचा बांबू! आजचा बळकट कार्बन तंतू मात्र १९५०-६० च्या दशकांत अमेरिका, जपान आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांतून आला. एक कृत्रिम धागा हजार अंशांहून जास्त तापमानाला, हवा लागू न देता तापवायचा, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एकेक तंतू ५ ते १० मायक्रॉन जाडीचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. असे हजारो तंतू रेझिनमध्ये बसवून नळी करायची, की झाली बाणाची काडी, ज्याला खेळाडू शाफ्ट म्हणतात. १९८० च्या दशकापासून हे बाण स्पर्धांत आले आणि मग शिकारीतही.

आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला कंपाऊंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात त्यानं १५० पैकी १५० गुण घेतले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवली. या पातळीची नेमबाजी हलक्या, एकसारख्या, ताठ काडीशिवाय होत नाही. तेव्हा कार्बनचा दोष सांगताना त्याचा हा गुण विसरून चालणार नाही.

दोष त्याच गुणाच्या पोटातला आहे. लाकूड तडकतं ते दिसतं. अ‍ॅल्युमिनियम वाकतं तेही दिसतं. कार्बन वाकत नाही, पोचत नाही. आतल्या आत चिरतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. एक बाण दुसऱ्या बाणावर आपटला, लक्ष्याच्या लाकडी चौकटीत घुसला, दगडावर गेला, की बारीक चीर पडू शकते. पुढच्या वेळी दोरी सुटते तेव्हा काडीच्या पाठीवर एकदम जोर येतो. कंपाऊंड धनुष्याला स्पर्धेत ६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २७ किलोपर्यंत ओढ चालते. त्या धक्क्यानं प्रत्येक बाण क्षणभर लचकतो. चिरलेला बाण लचकत नाही, फुटतो. आणि फुटतो तो उभा, सुयांसारख्या लांब किरचांमध्ये. धनुष्य धरलेला हात तिथेच पुढे असतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, हाताच्या पुढच्या भागात या किरचा घुसल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत.

आणि इथे सुश्रुताचा प्रनष्ट शल्याचा अध्याय पुन्हा उघडावा लागतो. लोखंडाचं टोक चुंबकाला सापडायचं. शिसं क्ष-किरणांना सापडतं. कार्बन यांपैकी कशालाच नीट सापडत नाही. क्ष-किरण त्यातून जवळपास आरपार जातात. म्हणून तर दवाखान्यातल्या क्ष-किरण यंत्रांच्या टेबलांना कार्बन तंतूचे पृष्ठभाग वापरतात. हातात कार्बन घुसला आणि साधा एक्स-रे काढला, तर 'काही नाही' असा अहवाल येऊ शकतो आणि शल्य आतच राहतं. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की घुसलेली वस्तू कार्बन तंतूची आहे. सोनोग्राफीत अशी किरच दिसण्याची शक्यता जास्त असते. मोडलेला बाणही सोबत न्यायचा, म्हणजे किती तुकडा कमी आहे ते बघता येतं.

मांसाचा प्रश्न

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कार्बनच्या बाणानं मारलेल्या हरणाचं मांस खाण्यालायक असतं का? बाण आरपार गेला, शाबूत निघाला, तर तो गोळीपेक्षा निर्मळ. शिसं नाही, विष नाही. पात्यांनी रक्तस्राव होऊन जनावर मरतं. अडचण बाण आत मोडला तर. जखमी जनावर पळतं, झाडाला घासतं, अंगाखाली काडी येते, आणि तंतू मांसात विखुरतात. कार्बन हा रासायनिक अर्थानं विषारी नाही. पण किरच टोकदार असते, शिजवून मऊ होत नाही, आणि तोंडाला, घशाला, आतड्याला टोचू शकते. मोठी असली तर जीभ ओळखेल. तंतूएवढी असली तर नाही.

म्हणून बाण बनवणारेच सूचना देतात, आणि त्या वाचताना बैगांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मोडलेल्या बाणाचे सगळे तुकडे शोधा. ते एकाला एक लावून बघा. लांबी भरत नसेल तर उरलेला तुकडा मांसात आहे असं धरून चाला. जखमेच्या वाटेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून फेका. आम्ही यात भर घालू: तो भाग खिम्याला मुळीच घेऊ नका, कारण खिमा केला की एका जागची किरच सगळ्या पाकिटांत जाते. सुरी आणि पाट धुतल्याशिवाय दुसऱ्या मांसाला लावू नका. नुसत्या पाण्यानं खळबळून भागत नाही. तो भाग कुत्र्यालाही घालू नका. आणि पोटाच्या भागातून बाण गेला असेल तर किरचेच्या आधी आतड्यातल्या घाणीची आणि जंतूंची काळजी करा.

हे आपल्याला का सांगायचं? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शेजाऱ्याकडून हिवाळ्याच्या तोंडाला हरणाचं मांस भेट येतं, हे काही नवल नाही. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम १९३४ पासून आहे. अशा वेळी दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत: गोळीनं मारलं की बाणानं? बाणानं असेल तर तो अख्खा निघाला का? चांगला शिकारी या प्रश्नांनी रागावत नाही.

आपल्याकडे मात्र कुणी 'रानातलं' मांस आणून दिलं, तर असे प्रश्न विचारायला माणूसच नसतो. चोरटी शिकार कशानं होते? तारेच्या फासानं, विजेची तार सोडून, पाणवठ्यावर विष कालवून, स्फोटकाचा गोळा आमिषात ठेवून. कोणत्या हत्यारानं, किती वाजता, कुठे मेलं, हे सांगणारा कुणी नाही; तपासणी नाही; विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर असताना ते मांस किती तास पोत्यात होतं, याचा पत्ता नाही. गुन्हा तर आहेच. शिवाय ते रीत हरवलेलं मांस आहे, आणि जंगलाच्या कडेच्या गावांत ते सगळ्यात आधी गरिबाच्या चुलीवर जातं.

मैदानावरची रीत

शेवटी नागपूरच्या मैदानावर. इथे हरीण नाही, मांस नाही. हात आहेत, बहुतेक तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे. नवे बाण महाग पडतात, म्हणून मोठ्यांनी वापरलेले बाण लहानांकडे जातात. त्यात वाईट काही नाही, पण बाणाबरोबर रीतही द्यायला हवी. ती अशी. प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण उजेडात फिरवून बघायचा. काडीवरून सुती कापड फिरवायचं; धागा अडकला तर तिथे तंतू सुटला आहे. उघडं बोट फिरवायचं नाही. मग दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, हलकेच सगळ्या बाजूंनी वाकवायचा, थोडा पिळायचा आणि कान द्यायचा. करकर आवाज आला, मऊपणा जाणवला, की तो बाण संपला. मागची खाच, म्हणजे नॉक, तडकलेली असेल तरी तेच. संपलेला बाण तिथल्या तिथे मोडून चिकटपट्टीत गुंडाळून टाकायचा, नाहीतर उद्या दुसरं कुणी तो उचलतं. बाण कापायचा असेल तर तोंडावर मास्क, कारण ती धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही.

प्रशिक्षकांनी ही तपासणी निशाण्याइतक्याच गंभीरपणे शिकवावी, एवढीच आमची विनंती आहे. पहिल्या दिवशी धनुष्य हातात देण्याआधी एक चिरलेला बाण मुलांसमोर, चेहऱ्यापासून लांब धरून वाकवून दाखवा. तो आवाज एकदा ऐकला की मुलं विसरत नाहीत.

प्रश्न असतील तर आता घेऊ.